कोपऱ्यात मोजा आणि चारने गुणा : एका टाइल्सवालीचं उझबेकिस्तान

सोमवार, ताश्कंद

आधीच सांगून ठेवते, आमचा लातूरला टाइल्सचा धंदा आहे, दुकान पण आणि लावून द्यायची कामं पण, त्यामुळे मी कुठेही गेले तरी आधी खाली फरशी बघते आणि मग वर माणसं. उझबेकिस्तान ठरलं ते तिघांच्या तीन कारणांनी. नवऱ्याला तैमूर-बाबर वगैरे इतिहासाचं वेड, नणंदेला म्हणजे आमच्या अक्कांना सिल्क आणि सुझनीची एम्ब्रॉयडरी, आणि मला निळ्या टाइल्स. निघायच्या आधी साइटवर गेले तर आमचे मिस्त्री चाचा (उदगीरचे, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत) म्हणाले, "ताई, फोटो मधले नका काढू, कोपऱ्याचे काढा. मधी काय, कुणीबी लावतंय. मिस्त्री कळतो कोपऱ्यात."

ज्यांना या कामातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खोलीत लादी लावताना आम्ही मध्ये दोरी मारतो, गुण्याने काटकोन तपासतो, दारातून आत आल्यावर अख्खी लादी दिसेल असं बघतो, मग सरकत सरकत भिंतीपाशी गेलं की कटिंग येतं, कुठे अर्धी, कुठे तीन बोटांची पट्टी, आणि कोपऱ्यात दोन्हीकडून कापलेला एक बारका तुकडा, जो कपाटाखाली किंवा पलंगाखाली जाईल अशी सोय करायची. डिझाइनची टाइल असेल तर अजून अवघड, फूल अर्धं कापलं जातं आणि गिऱ्हाईक त्याच्यावर बोट ठेवून विचारतं, हे असं का. म्हणून चाचांचा कोपरा.

दिल्लीहून ताश्कंदचं विमान म्हणजे जेवण आलं, जरा डोळा लागतोय तोवर उतरायची अनाउन्समेंट. शहर रुंद रस्त्यांचं, भरपूर झाडं, आणि बरंचसं रशियन काळातलं, कारण १९६६ च्या भूकंपात जुनं गाव बहुतेक पडलं. त्याच वर्षी जानेवारीत शास्त्रीजी इथेच गेले, त्यांचा पुतळा आहे, तिथे जाऊन नमस्कार करून आलो. अक्कांना तिथून हलवायला वेळ लागला.

दुपारी उपयोजित कलांचं म्युझियम. एका रशियन अधिकाऱ्याचा जुना बंगला आहे, आतल्या भिंती आणि छत तिथल्याच कारागिरांनी केलेलं. गंच म्हणून जिप्समचं प्लास्टर असतं, ते ओलसर असतानाच कोरायचं, आपल्याकडच्या पीओपीच्या कॉर्निसवाल्यांना इथे आणून उभं केलं पाहिजे असं मला फार वाटलं. पण मी अडकले ते एका लाकडी दारापाशी. दाराचं पॅनल चौकटीत बसवलेलं, त्यावर चांदण्यांची जाळी, आणि सवयीने मी खालचा कोपरा बघितला तर तिथे वेडावाकडा तुकडा नव्हताच, चांदणीचा बरोब्बर पाव भाग होता. चांदणीचं केंद्र चौकटीच्या कोपऱ्यावर. दुसरा कोपरा, तसंच. चारही तसेच.

नवरा हिशेबाचा माणूस, तो खाली वाकून मोजायला लागला. "अगं, इथे अडीच टोकं आहेत." अडीच गुणिले चार, दहा. मधली चांदणी मोजली, दहाच टोकं. त्यानंतर पूर्ण ट्रिपभर आम्हाला हाच नाद लागला, कोपऱ्यात दोन टोकं दिसली की आठाची चांदणी, अडीच असली की दहाची, तीन असली की बाराची, वर बघायची गरजच नाही.

चाचांना फोटो पाठवला. रात्री व्हॉइस मेसेज आला, "ताई, हे सेंटरपासून लावलेलंच नाही. हे कोपऱ्यापासून लावलंय."

मंगळवार, समरकंद

अफ्रासियाब नावाची फास्ट ट्रेन आहे, साधारण दोन तासात समरकंद. तिकिटं लवकर संपतात एवढं लक्षात ठेवा.

रेगिस्तान चौकाचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात तरी प्रत्यक्षात गेल्यावर माणूस गप्प होतो हे खरं आहे. तीन बाजूंनी तीन मदरसे. डावीकडचा उलुगबेगचा, १४१७ ते १४२० मधला, हा उलुगबेग म्हणजे तैमूरचा नातू, राजा आणि पक्का खगोलशास्त्रज्ञ. उजवीकडचा शेर-दोर, १६१९ ते १६३६, त्यावर वाघासारखे दिसणारे सिंह आणि पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. मधला तिल्ला-कारी, १६४६ ते १६६०, आतून सोनंच सोनं. तिल्ला-कारीचा निळा घुमट मात्र सोव्हिएत काळातला आहे, मुळात तो कधी पुरा झालाच नव्हता, आणि हे कळल्यावर नवऱ्याचा मूड गेला, मला काही वाटलं नाही, साइट अर्धी राहते कधीकधी.

उलुगबेगच्या मदरशाच्या मोठ्या कमानीच्या वर चांदण्याच चांदण्या आहेत, तारे मोजणाऱ्या माणसाच्या दारावर शोभतात. मी दुर्बीण नेली होती ती इथे कामाला आली. सरळ चौकटीतली जेवढी पॅनल्स बघितली त्यांचे कोपरे स्वच्छ, पाव चांदणी. पण कमानीची गोलाई जिथे डिझाइनमध्ये घुसते तिथे चांदणी वाटेल तिथे कापली गेलीये, कुठे टोक उडालंय, कुठे निम्मा पाकळीचा भाग. कमानीच्या रेषेवर मग एक जाडसर दोरखंडासारखी पिळाची बॉर्डर फिरवलीय, आणि ती कापलेली कड तिच्यामागे गेली. म्हणजे लपवायचं इथेही आहेच, फक्त कपाटाऐवजी बॉर्डर. मला हे बघून फार बरं वाटलं, आपलीच माणसं वाटली.

या भिंतींवर कामाचे तीन प्रकार आहेत, एकदा कळले की मग प्रत्येक इमारतीत ओळखू येतात. पहिला बन्नाई, साध्या भाजलेल्या विटा आणि मध्ये मध्ये ग्लेझ केलेल्या, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर दिलेल्या निळ्या विटा, अशा की दुरून तिरप्या रेघांची नक्षी दिसते आणि जवळ गेलं की ती चौकोनी अक्षरं असतात, अल्ला, मुहम्मद वगैरे, विटेच्या मापात बसवलेली. मोठ्या भिंतींना आणि मिनारांना हेच, कारण स्वस्त पडत असणार आणि लवकर होत असणार. दुसरा प्रकार कापीव मोझेक. एकेका रंगाच्या ग्लेझ केलेल्या सपाट टाइल्स भाजून घ्यायच्या, त्यातून छिन्नीने हवे ते आकार कापायचे, मागची बाजू तिरकी तासायची म्हणजे समोरून तुकड्याला तुकडा चिकटतो आणि मागे मसाला जायला जागा राहते, मग सगळं उलटं मांडायचं, ग्लेझ खाली, आणि वरून प्लास्टर ओतायचं. वाळलं की पॅनल उचलून भिंतीवर. जॉइंट केसाएवढा. आम्ही इथे दोन एमएमचे स्पेसर लावून ग्राउट भरतो आणि त्यालाच फिनिशिंग म्हणतो. तिसरा प्रकार रंगवलेल्या चौकोनी टाइल्सचा, एकाच टाइलवर अनेक रंग, रंग एकमेकात पळू नयेत म्हणून मध्ये तेलकट काळी रेघ. ही टाइल बनवायला मोझेकपेक्षा सोपी, म्हणून पुढच्या काळात तीच जास्त दिसते.

अजून एक, ज्यांना बांधकामात रस आहे त्यांच्यासाठी. या मदरशाचा एक मिनार कलला होता, तो १९३२ मध्ये व्लादिमिर शुखोव्ह या रशियन इंजिनिअरने सरळ करून दिला. अख्खा मिनार. आम्ही एक दाराची चौकट ओळंब्यात आणताना तिघंजण घामाघूम होतो.

संध्याकाळी चाचांना मिनाराचा फोटो पाठवला, त्यांचं उत्तर, "आमच्या बीदरच्या मदरशाला असाच आहे की." आणि ते खरंय. बहमनी वजीर महमूद गावानने बीदरला १४७२ मध्ये बांधलेला मदरसा याच घराण्यातला, तैमूरच्या वंशजांच्या मदरशांच्या नमुन्यावर, आणि त्याच्या उरलेल्या एका मिनारावर अजून नागमोडी पट्ट्यांची रंगीत टाइल शिल्लक आहे. बाकीचा बराच भाग सतराव्या शतकाच्या शेवटी स्फोटात गेला. लातूरहून बीदर केवढंसं आहे, आम्ही कितीदा गेलोय, आणि तिथे उभं राहून हा विचार कधी केला नाही की याचे थोरले भाऊ कुठे असतील.

बुधवार, समरकंद

सकाळी गुर-ए-अमीर, तैमूरची कबर. १४०३ च्या सुमारास त्याने हे खरं तर नातू मुहम्मद सुलतानसाठी बांधायला घेतलं आणि १४०५ मध्ये स्वतःच येऊन पडला. बाहेर दारावर कारागिराचं नाव आहे, इस्फहानचा मुहम्मद बिन महमूद. राजाच्या कबरीवर मिस्त्रीचं नाव! चाचांना हे सांगितलं तर त्यांनी फक्त एक अंगठा पाठवला.

आत खालच्या चार-पाच फुटात षटकोनी दगडी लाद्या आहेत, हिरवट पांढऱ्या, अर्धपारदर्शक. षटकोन हा सगळ्यात सज्जन आकार, एकाला एक लागत जातो, कुठे फट नाही. वर भिंतीवर आणि घुमटात मात्र सोनं आणि निळ्याचा कहर. मध्ये तैमूरचा काळपट हिरव्या जेडचा दगड. बाहेरून घुमटाला खोबणी आहेत, आणि त्या गोल उभ्या भागावर बन्नाईची मोठाली अक्षरं. माझ्या मते समरकंदमधलं सगळ्यात शहाणं काम हेच, रेगिस्तानपेक्षाही, कारण कुठे काय थांबवायचं ते यांना कळलेलं होतं.

बीबी खानम मशीद थोडक्यात बघितली. १३९८ मध्ये तैमूरने दिल्ली लुटली आणि तिथून आल्यावर लगेच १३९९ मध्ये ही सुरू केली. प्रचंड मोठी, घाईत उठवलेली, त्यामुळे लवकरच पडायला लागली, आता दिसते ती बरीचशी नव्याने उभी केलेली. नेलेल्या कारागिरांत हिंदुस्थानातले पाथरवट पण होते. अक्का म्हणाल्या, "त्यांच्या बायकापोरांचं काय झालं असेल गं." यावर काय बोलणार.

दुपारनंतर शाह-ए-झिंदा. ही एक गल्ली आहे, दोन्ही बाजूंनी कबरी, बहुतेक चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या, तैमूरच्या घरातल्या बायकांच्या बऱ्याच. वर जायच्या पायऱ्या जाताना आणि येताना मोजायच्या, आकडा सारखा आला तर पाप नाही असा तिथे समज आहे. अक्कांचा आला, आमचा नाही आला.

शादी मुल्क आगाची कबर, १३७२ ची, तिथे मी बसूनच राहिले. इथे टेराकोटाच कोरलाय, मग त्यावर ग्लेझ, त्यामुळे टाइल सपाट नाही, बोट फिरवलं तर खोलगट लागेल (फिरवू नका). ऊन तिरपं आलं की निळ्याच्या आत सावल्या पडतात. पलीकडे नवीन दुरुस्तीचं काम आहे, २००५ च्या आसपास इथे बरंच नवं करून टाकलं, आणि नवं-जुनं लगेच कळतं. जुन्या टाइलचा निळा तुकड्यागणिक थोडा थोडा वेगळा, कारण भट्टीत कुठे ठेवली त्यावर रंग बदलतो. नवीन टाइल सगळी एका शेडची, आपल्याकडे गिऱ्हाईक एकाच बॅचचा माल मागतं तशी. इथे बसून मला पहिल्यांदा वाटलं की शेड व्हेरिएशन म्हणून आपण जो माल परत पाठवतो तो कदाचित चांगला असतो.

याच गल्लीत अक्कांनी एक गोष्ट सांगितली. त्या दर दिवाळीत दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात, एकवीस ते एक वगैरे, त्यामुळे त्यांचं लक्ष वेगळ्याच ठिकाणी. म्हणाल्या, "ही आठाची आणि सहाची मला ठिपके घालून काढता येईल. पण ही दहाची नाही जमायची. ठिपक्यांवर पाचाचं येतच नाही." मी म्हटलं का नाही, तर त्यांनी वहीच काढली. चौकोनी ठिपके घातले तर चार आणि आठाचं जमतं, तिरके मांडले तर तीन, सहा, बाराचं, पण पाच सारख्या बाजूंचा पंचकोन ठिपक्यावर ठिपका ठेवून येत नाही म्हणजे नाही. आणि हे गणितातही असंच आहे, सारख्या बाजूंच्या आणि सारख्या कोनांच्या नुसत्या पंचकोनाने जमीन झाकता येत नाही, मध्ये फट राहतेच. मग या लोकांनी दहाची चांदणी भिंतभर पसरवली कशी? ते पुढे बुखाऱ्यात कळलं.

गुरुवार, समरकंद ते बुखारा

सकाळी उलुगबेगची वेधशाळा. इमारत राहिली नाही, जमिनीखाली दगडी कमानीचा एक तुकडा तेवढा आहे, साधारण चाळीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा, तो १९०८ मध्ये खोदून सापडला. यावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचे, हजाराच्या वर ताऱ्यांची यादी केली, आणि १४४९ मध्ये उलुगबेगला त्याच्याच मुलाच्या सांगण्यावरून मारलं.

पण मला इथे भेटायचं होतं ते अल-काशीला. हा उलुगबेगचा गणिती, पायचे (π) १६ दशांश काढलेला माणूस. त्याने १४२७ मध्ये हिशेबावर एक मोठं पुस्तक पूर्ण केलं, आणि त्यात एक भाग बांधकामाच्या मोजमापाचा आहे, कमान, घुमट आणि मुकर्नस. मुकर्नस म्हणजे कमानीच्या किंवा कोनाड्याच्या वरच्या भागात एकावर एक बाहेर येणारे छोटे छोटे कप्पे, वरून लोंबल्यासारखे दिसतात, बघणाऱ्याला वाटतं याचं काय मोजणार. अल-काशीने त्याचे चार प्रकार पाडले, एक मूळ माप ठरवलं आणि एकूण पृष्ठभाग किती ते काढायची रीत दिली. म्हणजे हे एस्टिमेट आहे हो! क्षेत्रफळ कळलं की प्लास्टर किती, रंग किती, सोन्याचा वर्ख किती, मजुरी किती, सगळं कळतं. सहाशे वर्षांपूर्वी ताऱ्यांचा हिशेब करणारा माणूस स्क्वेअर फुटाचा पण हिशेब करत होता, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. नवऱ्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की आपल्या दुकानात याचा फोटो लावायचा. फोटो कुठून आणणार ते त्यालाच ठाऊक.

दुपारची ट्रेन, बाहेर कापसाची शेतं, दीड-पावणेदोन तासात बुखारा. स्टेशन गावापासून लांब आहे. जेवणाचं सांगते, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही पण कंटाळतो. टोमॅटो-कांद्याचं सॅलड, भोपळ्याचा सामसा मिळाला तर नशीब, आणि नॉन, म्हणजे तंदूरमधली गोल रोटी. त्या नॉनच्या मधोमध खिळ्यांच्या ठशाने नक्षी टोचलेली असते, फुगू नये म्हणून. अक्का प्रत्येक नॉनची टोकं मोजून मगच खायच्या.

शुक्रवार, बुखारा

बुखारा मला समरकंदपेक्षा आवडलं. इथे रंग कमी आणि वीट जास्त.

इस्माईल सामानीची कबर सगळ्यात आधी बघा, नाहीतर निळं बघून बघून डोळे बिघडतात आणि मग ही साधी वाटते. नवव्या-दहाव्या शतकातली, छोटी, साधारण दहा-अकरा मीटर बाजूचा ठोकळा, वर घुमट, आणि ग्लेझचा एक तुकडा नाही. नुसती भाजलेली वीट, पण आडवी, उभी, तिरपी, कडेवर, पुढे काढून, मागे सारून, आणि दहा-बारा तऱ्हेचं विणकाम. सगळी नक्षी सावलीची आहे. सकाळी एक दिसते, दुपारी वेगळी. आमच्याकडे हल्ली बंगल्यांना एक्स्पोज्ड ब्रिकची फॅशन आहे आणि त्याचे स्क्वेअर फुटाला मजबूत पैसे घेतो आम्ही, ते आठवून जरा हसू आलं. ही इमारत मातीत आणि कबरस्तानात गाडली गेली होती म्हणून चेंगिझखानाच्या वेळी वाचली म्हणतात, १९३० च्या दशकात मोकळी केली.

मग कल्याण मिनार. ११२७ चा, जवळजवळ ४६ मीटर उंच, सगळा विटेचा, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि प्रत्येक पट्ट्यात विटांची वेगळी मांडणी. वरच्या भागात निळ्या ग्लेझची एक बारीक पट्टी आहे, या भागातल्या रंगीत टाइलची ही अगदी सुरुवात. म्हणजे कालपरवा जे समरकंद बघितलं ते सगळं या पट्टीनंतरचं. चेंगिझखानाने गाव जाळलं पण हा ठेवला.

जवळच उलुगबेगचा १४१७ चा मदरसा आणि समोर अब्दुलअझीझखानाचा १६५२ चा, दोघांच्यामध्ये एक रस्ता. या रस्त्यात उभं राहून एकदा इकडे एकदा तिकडे मान वळवली की सव्वादोनशे वर्षं दिसतात. इकडे मोजूनमापून चांदण्या आणि मोकळी वीट, तिकडे पिवळा, हिरवा, फुलदाण्या, पक्षी, इंचभर जागा रिकामी नाही. लोक दुसऱ्यापुढे जास्त फोटो काढतात. मला पहिला. लग्नाच्या हॉलचं डेकोरेशन दोन्हीकडे करता येतं, घर फक्त एकाचं होईल.

आता पाचाचं कोडं. बुखाऱ्यातली अशीच एक दहाच्या चांदण्यांची भिंत बघून पीटर लू नावाच्या हार्वर्डच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात किडा शिरला, आणि २००७ मध्ये त्याने पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर सायन्स मासिकात लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की कारागीर प्रत्येक वेळी सगळ्या रेघा ओढत बसत नसावेत, त्यांच्याकडे पाच ठरलेले आकार होते, दशकोन, पंचकोन, लांबट षटकोन, समभुज चौकोन आणि कमरेत दबलेला बो-टायसारखा एक. पाचही आकारांच्या बाजू एकाच लांबीच्या, कोन सगळे ३६ च्या पटीत, आणि प्रत्येकावर पट्ट्यांच्या रेघा अशा काढलेल्या की शेजारी काहीही ठेवलं तरी रेघ पुढे चालू राहते. पंचकोनात जी फट राहते तिथे बो-टाय किंवा चौकोन बसतो. झालं. मग आकारांच्या कडा पुसायच्या आणि फक्त पट्ट्या ठेवायच्या. त्यांनी पुढे इस्फहानच्या १४५३ च्या एका दर्ग्यावरची नक्षी दाखवली, जी १९७० च्या दशकात पेनरोज या गणितज्ञाने शोधलेल्या कधीच पुन्हा न येणाऱ्या मांडणीच्या फार जवळ जाते. यावर अभ्यासकांचं एकमत नाही, कारागिरांना ते तसं माहीत होतं का हा वाद आहे, पण पाच आकारांची गोष्ट मला एकदम पटली, कारण कुठलाही मिस्त्री साचा बनवल्याशिवाय एवढं काम उचलणार नाही.

अक्कांना रस्त्यावरच वहीत काढून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे ठिपके पुसलेली रांगोळी."

शनिवार, बुखारा

आज एका कार्यशाळेत गेलो, जुन्या सराईत आहे, म्हातारे उस्ताद आणि त्यांचा नातू. भाषेचा प्रश्न होता पण कंपासला भाषा लागत नाही. त्यांनी कागदावर एक काटकोन काढला, पट्टी आणि कंपासनेच, आणि कोपऱ्यातून त्याचे पाच सारखे भाग केले, म्हणजे १८-१८ अंशांचे. मग त्यातली ३६ ची रेघ लांबवली, आणि ती जिथे थांबवली तिथे समोरचा कोपरा धरून आयत पुरा केला. समोरच्या कोपऱ्यातूनही तशाच रेघा. दोन्ही कोपऱ्यांवर सारख्या त्रिज्येची दोन वर्तुळं, ती आयताच्या बरोबर मध्यावर एकमेकांना टेकली. पुढे छेदांना छेद जोडत गेले आणि दोन कोपऱ्यांत अडीच-अडीच टोकं उगवली.

तेव्हा कळलं चाचा काय म्हणत होते ते. हा आयत म्हणजेच काम आहे. तो उलटायचा, परत उलटायचा, वर, खाली, बाजूला, की भिंत भरते, आणि आडवे-उभे दोन्हीकडे आयत जोडीजोडीने भरून थांबलं की चारही कोपऱ्यांत पाव चांदणीच येणार. पण मग आयताचं माप आपल्या मर्जीने घेता येत नाही, ३६ ची रेघ कोपऱ्यातच गेली पाहिजे. आमच्याकडे टाइल ठरलेली आणि खोली ठरलेली, म्हणून कापणं आलं. यांच्याकडे टाइल ठरलेलीच नसते, आधी भिंतीचं माप, मग त्यात आयत किती बसवायचे ते, मग त्या मापाने तुकडे कापायचे. आणि भिंत पण हट्टी निघाली, चार बोटं उरलीच, तर? मी बोटांनी खुणा करून विचारलं. उस्ताद हसले आणि कडेने एक बॉर्डर काढली, मग अजून एक. उरलेलं माप बॉर्डर खाते. दोन दिवस मी विचार करत होते की या लोकांना एकात एक एवढ्या चौकटी कशाला लागतात!

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशा नक्षीची एक गुंडाळी आहे, जवळपास ३० मीटर लांब, ११४ आकृत्या, पंधराव्या-सोळाव्या शतकातली. तिच्यात आकृतीचा एवढाच पुन्हा येणारा तुकडा काढलेला असतो, अख्खी भिंत नाही, आणि शाईच्या रेघांखाली टोकदार हत्याराने ओरखडलेल्या बिनशाईच्या रेघा आहेत, तिरपा उजेड पडला तरच दिसणाऱ्या. उस्तादांच्या कागदावर पण त्या होत्या, पेन्सिलच्या, त्यांनी शेवटी खोडरबराने पुसल्या. मी म्हटलं राहू द्या, तर नातू म्हणाला नाही, पुसल्याशिवाय काम पूर्ण नाही.

गणितवाले आणि कारागीर यांचं जुनं भांडण पण आहे बरं का. दहाव्या शतकात बगदादला अबुल-वफा नावाच्या गणितज्ञाने कारागिरांसाठी भूमितीचं पुस्तक लिहिलं, त्यात तो सांगतो की तीन सारख्या चौरसांचा एक चौरस करायचा होता, गणितज्ञांनी बाजूची लांबी रेघ मारून लगेच दिली, पण कारागिरांना ती नको होती, त्यांना कापून जुळवायचं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या रीतीत थोडी चूक राहत होती जी डोळ्याला दिसायची नाही. आर्किटेक्ट आणि मिस्त्री यांच्यामध्ये उभं राहून आयुष्य गेलंय माझं, मला हे वाचून काही नवीन वाटलं नाही.

एक वाईट गोष्ट. बुखाऱ्यात भिंतींचा खालचा भाग बघा, जमिनीतलं पाणी वर चढतं, त्यातला क्षार विटेत येतो आणि टाइलला मागून ढकलतो. पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि ग्लेझचे टवके पडतात. वरून कितीही नवीन टाइल लावा, खालून ओल थांबली नाही तर परत पडणार. हे आमच्याकडच्या प्रत्येक बाथरूमच्या मालकाला मी सांगते आणि प्रत्येकजण म्हणतो आधी टाइल लावून द्या.

रविवार, खिवा

बुखाऱ्याहून खिवा म्हणजे वाळवंटातून अख्खा दिवस. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, वाळू आहे. रात्री तटबंदीच्या आत हॉटेल.

सोमवार, खिवा

खिवा नीटनेटकं आहे, जरा जास्तच, पण ताश-हौली राजवाड्यासाठी यावंच. १८३० च्या दशकातला, अंगणाच्या भिंती खालपासून वरपर्यंत निळ्या-पांढऱ्या चौकोनी टाइल्सच्या. इथे चांदण्या कमी आणि मोठमोठ्या भौमितिक चौकटींमध्ये वेलींची गुंतागुंत जास्त. ही सगळी रंगवलेली टाइल, म्हणजे माझ्या यादीतला तिसरा प्रकारच, आणि टाइलचा जॉइंट नक्षीच्या कशाही मधून जातो, त्याची कुणाला फिकीर नाही, कारण नक्षी पूर्ण भिंतीची आहे आणि टाइल फक्त तिचे चौकोनी तुकडे.

आणि मग मला ते दिसलं. टाइलांवर बारीक आकडे आहेत. समोरच, नक्षीच्या कडेला. कुठली टाइल कुठे जायची त्याचा नंबर. भट्टीतून निघालेल्या शेकडो सारख्या दिसणाऱ्या टाइल्स साइटवर आल्यावर गोंधळ नको म्हणून. आणि टाइलच्या मध्ये भोक, त्यातून खिळा मारलेला, नुसत्या मसाल्यावर भरवसा नाही. मी नवऱ्याला ओढत आणलं, तो म्हणाला बरं, मग? तेव्हा चाचांनाच व्हिडिओ कॉल लावला. चाचा साइटवर होते, मागे कटरचा आवाज. त्यांनी स्क्रीन डोळ्याजवळ धरली.

"नंबर पुढून टाकलाय?"

"हो चाचा, पुढून."

"आणि मालक काय नाही म्हणला?"

"मालक खान होता."

"मंग बरोबर हाय," चाचा म्हणाले, "खानाला काय म्हाईत नंबर कशाचा. त्याला वाटलं नक्षीच हाय."

जुमा मशिदीचे दोनशेवर लाकडी खांब आणि काल्ता मिनारचा अर्धा राहिलेला जाडजूड निळा बुंधा संध्याकाळी बघितला. १८५० च्या दशकात खान मेला आणि काम थांबलं. मालक गेला की पेमेंट थांबतं आणि पेमेंट थांबलं की काम थांबतं, सगळीकडे हेच.

उद्या उर्गेंचहून ताश्कंद आणि मग घरी. जाणाऱ्यांसाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, उन्हाळ्यात भाजून निघाल. दुर्बीण न्याच, चांगलं काम नेहमी वीस फुटांच्या वर असतं. शेंगदाण्याची चटणी आणि ठेपले भरपूर न्या. सामानाची जागा ठेवा, कारण कितीही ठरवलं तरी टाइल घेतली जाते, मी त्या उस्तादांकडून एक घेतली, दहाची, आणि अक्कांनी तीन सुझनी, ज्यातली एक माझ्या बॅगेत आहे.